भाड्याचा भाचा

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या एका जागी बूड न टेकणाऱ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगासाठी आडवं पडावं लागतं, आणि आमच्या खोलीत एक जण आडवा पडला की बाकीच्यांना उभं राहावं लागतं. तेव्हा हा नमस्कार उभ्यानेच घातलेला आहे, तू तो आडवा समजून घ्यावा.) तुझी कंबर, तुझं शिलाई मशीन आणि तुझी जीभ, तिन्ही व्यवस्थित चालत असतील अशी आशा करतो. आई बरी आहे ना? तिला हे पत्र वाचून दाखवशीलच, पण काही ठिकाणी खोकला आल्यासारखं करून पुढे सरक. ठिकाणं मी सांगत जाईन. मी खुशाल आहे. एरवी हे वाक्य सवयीने लिहितात, मी मात्र या खेपेला तपासून लिहितोय. मला यंत्रात घालून, सुई टोचून, आतून बाहेरून बघितलंय. आपल्या घराण्यात 'खुशाल आहे' हे शब्द एवढ्या पुराव्यानिशी आजवर कुणी लिहिले नसतील.

तू फोनवर जो आरडाओरडा केलास तो माझ्यासकट अख्ख्या खोलीने ऐकला. आमच्यातल्या एकाच्या बायकोने तुला सांगितलं म्हणे, की तुमचा भाचा परदेशात बड्या लोकांच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या पलंगावर पाय पसरून फळं खात होता. यातला एकही शब्द खोटा नाही. तरी त्या बाईने सांगितली ती गोष्ट आणि घडलेली गोष्ट यांची तोंडओळखसुद्धा नाही. फोनवर सांगितली असती, पण तू मध्ये बोलतेस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून एवढ्या खटाटोपाने कागद-पेन घेऊन बसलोय. (बसलोय म्हणजे दोनदा उठून खाली जाऊन आलो, पण पुन्हा बसलो ना?)

तर मावशी, माझ्या मानेवर, उजव्या बाजूला जबड्याच्या खाली, गाठ आली होती. (खोकला इथून सुरू कर.) पहिल्यांदा वाटाण्याएवढी होती, तेव्हा मी तिला वाटाण्याएवढीच किंमत दिली. मग ती वाढायला लागली. शर्टाचं वरचं बटण लागेना. मी म्हटलं, शर्ट आटला. लाँड्रीत काम करणाऱ्याचा आटण्यावर फार विश्वास असतो. पण बाकीची बटणं बिनतक्रार लागत होती, आणि नुसता गळ्यापाशी आटणारा शर्ट तूसुद्धा कधी पाहिला नसशील.

गाठ पहिल्यांदा पाहिली ती शिडीने. शिडी म्हणजे माझ्याबरोबर घडीला असणारा माणूस, आपलीच भाषा बोलणारा, उंचीमुळे हे नाव पडलेलं. आमच्या कारखान्यात हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात, धुऊन, वाळून, गरम रुळातून निघतात आणि शेवटी आमच्या हातात पडतात. मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शिडी. चादर ताणायची, दुमडायची, आणि टोकं जुळवायला एकमेकांकडे चालत यायचं, की नाकाला नाक. पुन्हा लांब, पुन्हा जवळ. नवराबायकोसुद्धा दिवसातून इतक्या वेळा एकमेकांचं तोंड बघत नसतील. त्यामुळे माझी गाठ त्याला दिसली आणि त्याचा दम मला ऐकू आला. माझ्यापर्यंत चालत येईतो त्याच्या छातीत जुन्या मशीनचा पट्टा घासल्यासारखा आवाज व्हायचा. नावाने शिडी, आणि जिना चढता येत नाही! आमच्या इमारतीत प्रत्येक वळणावर तो थांबतो आणि भिंतीकडे बघत उभा राहतो. कुणी विचारलं तर म्हणतो, जरा हवा खातो. भिंतीची हवा!

मग आम्ही दोघं कामगारांच्या दवाखान्यात गेलो. बाहेरून आलेल्या कामगारांचा दवाखाना वेगळा असतो. खिडकी असते, खिडकीपलीकडे डॉक्टर असतो, आणि डॉक्टर खाली बघत असतो. तो वर बघत नाही. मी म्हटलं, मानेला गाठ आहे. त्याने पांढऱ्या गोळ्या सरकवल्या. शिडी म्हणाला, दम लागतो. त्यालाही त्याच गोळ्या. आमच्या मागे मुकादम पाठ धरून उभा होता, त्यालाही त्याच. एवढी गुणी गोळी जगात असताना लोक बाकीची औषधं कशाला बनवतात कळत नाही. ती खाऊन गाठ आणखी थोडी वाढली, शिडीचा दम होता तसाच राहिला, आणि मुकादमाची पाठ तेवढी बरी झाली, कारण ती दुखतच नव्हती, त्याला रजा हवी होती.

आता मामांची गोष्ट येते. (कोण मामा, असं विचारू नकोस, सांगतोय.) इथे एक मोठा दवाखाना आहे. विमानाने लोक येतात तिथे, लांबलांबच्या देशांतून, कुणी हृदय घेऊन, कुणी कंबर घेऊन. त्यांच्या मजल्यावर फरशी एवढी चकचकीत, की आपलं तोंड बघून आपणच जरा बाजूला व्हावं. त्या दवाखान्याचा नियम असा, की बाहेरून आलेल्या पेशंटबरोबर एक नातेवाईक शेवटपर्यंत राहायलाच हवा, त्याशिवाय ते सुरीला हात लावत नाहीत. नियम चांगला आहे, पण सगळ्यांचे नातेवाईक रिकामे कुठे असतात? म्हणून एक माणूस नातेवाईक पुरवतो. अत्तर लावतो, हळू बोलतो. ज्याला मुलगा हवा त्याला मुलगा, ज्याला पुतण्या हवा त्याला पुतण्या. आमच्या कारखान्याचा मोठा रूळ मोडला आणि काम बंद पडलं, तेव्हा हा अत्तरवाला आमच्या फाटकात येऊन विचारायला लागला, की मराठी बोलणारा, अंगाने दणकट असा एक भाचा हवाय. कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी म्हटलं, शिडीला न्या, वयाने मोठा आहे, शोभेल. शिडीने मलाच पाठीत ढकललं. म्हणाला, "तू जा. तिथे डॉक्टर वर बघत असतील. गाठ दाखव कुणालातरी."

अशा रीतीने मी भाचा झालो.

मामा चाकाच्या खुर्चीत बसून आले. वजनकाटे तपासणारे निवृत्त इन्स्पेक्टर. उभा जन्म दुकानदारांचे खोटे काटे जप्त करण्यात गेला, त्यामुळे समोर येईल ती वस्तू आधी हातात धरून वर-खाली करून बघतात. मलाही तसंच बघितलं, आणि अत्तरवाल्याला म्हणाले, "हा माझा भाचा? निदान नाक तरी बघून आणायचं!" ते मुलाकडे राहतात, आणखी तिसऱ्याच देशात. तिथे औषधपाणी सरकारच करतं, पण गुडघ्याची रांग एवढी लांब, की (त्यांच्याच शब्दांत) नंबर लागतो तेव्हा गुडघा हजर असतो आणि माणूस गैरहजर. मुलाला रजा नाही. म्हणून गुडघा घेऊन एकटेच इकडे आले. म्हणजे बघ मावशी, मी पोटासाठी हद्द ओलांडून आलो, ते गुडघ्यासाठी. आणि त्या मजल्यावर फरशी पुसणारी बाई इथलीच, जन्माने इथली, तिला पोटाचं काहीतरी दुखणं आहे, तर ती सुट्टीच्या दिवशी बसमध्ये बसून हद्दीपलीकडच्या देशात जाते डॉक्टरकडे. मी विचारलं, अगं, इथेच दाखव ना, दार समोर आहे. ती एवढी हसली की तिला बादली खाली ठेवावी लागली.

खोलीत मामांचा पलंग मधोमध आणि नातेवाइकाचा खिडकीजवळ. त्यावर निळ्या काठाची चादर. ती चादर मी बघताक्षणी ओळखली, आमच्याकडेच येते. एवढंच नाही, घडीसुद्धा आमची होती. शिडी आपल्या बाजूचं टोक बोटभर आत दुमडतो, तसं ते दुमडलेलं होतं. कामावर झोपलो म्हणून मुकादमाने मला पुष्कळदा शिव्या घातल्यात, पण आपण केलेल्या कामावर असा झोपलो पहिल्यांदाच. आणि फळं. रोज टोपलीभर फळं यायची. मामा एकेक हातात घेऊन तोलायचे, "आतून पोकळ आहे" म्हणायचे आणि माझ्याकडे द्यायचे. खोलीतल्याच्या बायकोने तुला सांगितलं ते हेच.

मामांचा गुडघा बदलला. कापाकापी त्यांनी शांतपणे करून घेतली, पण नंतर व्यायाम करून घेणारी बाई आली तेव्हा त्यांनी तोंडाचा जो पट्टा सोडला तो इथे लिहिता येत नाही. तिला मराठी येत नव्हतं म्हणून नोकरी सोडून गेली नाही. मी त्यांना काखेत धरून चालवायचो, ते मला आणि गुडघ्याला आळीपाळीने शिव्या द्यायचे, आणि शेवटी देवाची शपथ घेऊन म्हणाले, की दुसरा गुडघा त्याहून खराब आहे, पण तो आता चितेपर्यंत तसाच राहील. या बाईच्या तावडीत पुन्हा जाणार नाही म्हणजे नाही.

आता नीट वाच. (खोकल्याला इथे विश्रांती नाही.) त्या दवाखान्यात पेशंटच्या सोबत राहणाऱ्या नातेवाइकाची सगळी तपासणी करून देतात. हौस म्हणून. जसं तू कापड जास्तीचं उरलं तर रुमाल शिवून देतेस, तसं. एक डॉक्टरीणबाई आली, तरुण, हसऱ्या तोंडाची, आणि बोलताना वर बघणारी! तिने मामांचा गुडघा बघितला, मग मामांच्या गळ्यावरची जुनी खूण बघितली. मामांना बऱ्याच वर्षांपूर्वी गळ्याला गाठ झाली होती, वाईट जातीची, ती कापून काढलेली. तिने त्याची चौकशी केली आणि माझ्याकडे वळून सहज विचारलं, भाच्याला काही त्रास? मी कॉलर खाली केली.

मावशी, तिचं हसू असं गेलं जसा दिवा जातो. तिने गाठ दाबली, मग मामांच्या खुणेकडे बघितलं, मग पुन्हा गाठीकडे. सख्ख्या बहिणीचा मुलगा? तिने मामांना विचारलं. आईच्या बाजूने आलेलं असू शकतं, म्हणाली. झालं! कामगारांच्या खिडकीत जिची किंमत एक गोळी होती, ती गाठ एका क्षणात घरंदाज झाली. अजून दोन डॉक्टर आले. आईच्या माहेरची पिढ्यानपिढ्यांची चौकशी झाली. मी एकुलता एक आहे हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. आणखी कुणाला गळ्याच्या वर काही त्रास? तर मामा, ज्यांना मी रोज संध्याकाळी तुझ्या गोष्टी सांगायचो, ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, की एका बहिणीला जिभेचा आहे, पण त्याचा त्रास तिला नाही, दुसऱ्यांना आहे. आणि डॉक्टरीणबाईने तेही लिहून घेतलं.

माझी मात्र पाचावर धारण बसली. एक तर गाठ, आणि वर हा घोटाळा. माझ्या गाठीचा आणि मामांच्या गाठीचा संबंध काय, तर अत्तरवाला! मी खरं सांगून टाकायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी चांगल्या पायाने माझा पाय असा दाबला की तोंड उघडंच राहिलं. डॉक्टरीणबाईने त्यात बॅटरी मारून बघून घेतलं. सगळे गेल्यावर मी म्हटलं, मामा, तुम्ही धडधडीत खोटं बोललात. ते म्हणाले, "एकाच गाठीला दोन काटे लावलेत या लोकांनी. खोटा काटा दिसला की जप्त करायचा, ही माझी नोकरी होती. आता गप पड."

गप पडायचीच तर पंचाईत. मला त्यांनी एका यंत्रात घातलं. बोगदा असतो, आत झोपायचं आणि हलायचं नाही. मला, मावशी! ज्याला तू माप घेताना खांबाला बांधायचीस! आधी नाक खाजलं. मग नाक खाजू नये म्हणून पाय हलवला. मग पाय हलला म्हणून मान वळवून बघितलं. तिन्ही वेळा यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. शेवटी मामांना खुर्चीसकट आणलं आणि त्यांच्या तोंडापुढे आवाजाचं यंत्र धरलं. बोगद्यात चारी बाजूंनी मामांचा आवाज घुमला, "हललास तर काटा जप्त!" याचा अर्थ मलाही कळला नाही, पण मी एवढा घाबरलो की श्वासही विचारून घेतला. नंतर मानेत सुई घातली आणि सांगितलं, आता थांबा, कळवतो.

थांबणं हा तर माझा जन्माचा शत्रू. त्या चकचकीत फरशीवर मी इतक्या येरझाऱ्या घातल्या, की व्यायामवाल्या बाईला वाटलं माझाही गुडघा बदललाय, आणि तिने माझं कौतुक केलं. खरं सांगतो, भीती वाटली. भीती वाटली की मी पळतो, तुला माहीत आहे. शाळेतून पळालो, गॅरेजमधून पळालो, पळत पळत इथपर्यंत आलो. पण मान कुठे टाकून पळणार? ती बरोबरच येते. आईला कोण सांगेल याचा विचार केला आणि तुझंच तोंड समोर आलं. मग म्हटलं, तू सांगशील तर तिला कळणारच नाही, कारण तू आधी मला शिव्या देशील आणि त्यातच वेळ जाईल. तेवढ्याने जरा बरं वाटलं.

त्याच दिवशी शिडी मला धुतलेला शर्ट द्यायला आला. खालच्या पहारेकऱ्याने विचारलं, पेशंटचा कोण? शिडी खरं बोलला. म्हणाला, पेशंटच्या भाच्याचा मित्र. लिफ्ट पेशंट आणि नातेवाइकांसाठी असते, मित्रांसाठी जिना. तो जिना चढून आला, मावशी. दारात येऊन उभा राहिला, दोन्ही हातांनी चौकट धरून, ओठ जांभळे, आणि बोलेना. मामांनी विचारलं, "हा बोलत का नाही?" मी म्हटलं, थांबा, तो पुढे आलाय, आवाज मागून जिन्याने येतोय. शिडी हसायला गेला आणि खाली बसला.

नेमकी तेव्हा डॉक्टरीणबाई मामांचा गुडघा बघायला आली. मी तिला म्हटलं, याच्या छातीला नळी लावून बघा ना एकदा. ती थांबली. बाई वाईट नाही, तिने त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली. मग हळू आवाजात म्हणाली, याने कामगारांच्या दवाखान्यात जावं, मला इथे त्याला हात लावता येत नाही. नळी तिच्या गळ्यातच होती. शिडी म्हणाला, असू दे, जाताना उतारच आहे. शर्ट माझ्या पलंगावर ठेवला, चादरीचं टोक बोटभर आत दुमडलं आणि गेला. त्या दिवशी मामांनी एकही फळ तोललं नाही. आलं तसं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. (आता खोकला बंद कर आणि आईला मोठ्याने वाचून दाखव.) डॉक्टरीणबाई आणि ते दोन डॉक्टर असे तिघं ओळीने आत आले. मामांनी माझं मनगट पकडलं. तिघांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा होती, आणि ती कशाची हे कळेपर्यंत माझा जीव निम्मा झाला. गाठ वाईट नव्हती. घराण्यातली नव्हती. मामांची नव्हती, आईची नव्हती, माझीसुद्धा म्हणता येणार नाही. ती दाढेची होती! खालची उजवी दाढ आतून सडली होती, तिचा पू उतरून मानेतली गाठ फुगली होती. एवढी यंत्रं, एवढे डॉक्टर, पिढ्यानपिढ्यांची चौकशी, आणि निघाली काय, तर दाढ! मी हसलो की रडलो मला आठवत नाही. मामा म्हणतात, दोन्ही केलं, आणि ते इन्स्पेक्टर आहेत.

पण गंमत संपली नाही. मी म्हटलं, मग काढा दाढ. तर म्हणाले, नातेवाइकाच्या तपासणीत सगळं शरीर येतं, दात येत नाहीत. दात शरीराच्या बाहेर धरतात. म्हणजे मी पुन्हा आमच्या खिडकीत. मी म्हटलं, दाढ. आणि मावशी, तो खाली बघणारा डॉक्टर उठून बाहेर आला! दाढ काढायला तोंडात बघावं लागतं ना. पहिल्यांदा आमची नजरानजर झाली. दिसायला चांगला आहे. दमलेला होता, आमच्यापेक्षाही. दाढ मात्र अशी सफाईने काढली, की मी बोंब मारायला श्वास घेतला तोवर ती ताटलीत होती. गाठ उतरली, वरचं बटण लागतं, रूळ दुरुस्त झाला, मी कामावर परत आलो, मामा त्यांच्या मुलाकडे गेले. निघताना त्यांनी मला पुन्हा एकदा दंडाला धरून तोललं आणि म्हणाले, वजन बरोबर आहे.

तेव्हा काळजी करू नकोस. आईला सांग, पोरगा धडधाकट आहे, तोंडात एक दात कमी, बाकी सगळं जागच्या जागी. वडील माणसांना नमस्कार, लहानांना चापट्या. तुझ्या मशीनला तेल घाल.

तुझा, आणि सध्या आणखी एकाचा,
भाचा

ता. क. : एक सांगायचं राहिलं. मामांनी भाचा हे नातं अजून सोडलेलं नाही. रोज फोन करून विचारतात, जखम भरली का, मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या का. आईच्या नावाने त्यांनी मला दोनदा शपथा घातल्या. तर तुम्हा दोघी बहिणींना आता एक भाऊ आहे, चिडका आहे, पण माणूस सरळ. आईला हे हळूहळू सांग, ती लगेच त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेईल.

आणखी ता. क. : खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण सुरुवातीलाच लिहिलं असतं तर तू तिथेच पत्र फाडलं असतंस. मामा दुसरा गुडघा करायला येताहेत. शपथ मोडून. फोनवर मला म्हणाले, गुडघ्याला घाई नाही, पण त्या उंच माणसाला आहे. या खेपेला सोबतीला भाचा म्हणून शिडी राहणार. (डॉक्टरीणबाईने त्याला पाहिलंय, पण मामा म्हणतात, कागदावर भाचा लिहिलेलं असलं की तिला हात लावता येतो, आणि ती तेवढंच बघेल.) नातेवाइकाची तपासणी त्याची होईल आणि त्याच्या छातीत काय आहे ते कळेल. आजवर ते कुणालाच माहीत नाही, कारण कुणी ऐकलेलंच नाही. पुढचं पुढे, मामा म्हणतात, आधी कळू तर दे.

अडचण एकच. हल्ली त्या दवाखान्यात भाचे-पुतणे फार झालेत, सगळ्यांच्या हातांना एकाच साबणाचा वास, म्हणून ते आता घरी फोन करून भाच्याच्या आईशी बोलून खात्री करतात. शिडी माझा भाऊ होऊ शकत नाही, मी एकुलता एक हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मामांची दुसरी बहीण म्हणजे तू. तेव्हा मावशी, तुला त्याची आई व्हावं लागेल. तुझं लग्न झालेलं नाही हे मला माहीत आहे, पण ते त्यांना माहीत नाही. आईला सांगून उपयोग नाही, ती खोटं बोलायच्या आधीच रडते. तू मात्र गिऱ्हाइकाला "शिवून तयार आहे, फक्त काजं-बटणं राहिलीत" असं सांगतेस, तेव्हा कापड अजून गाठोड्यातच असतं, आणि तुझ्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. पोरगा ओझं व्हायचा नाही. कमी खातो, उलट बोलत नाही (दम पुरत नाही म्हणूनही असेल). फोन दवाखान्यातल्या बाईचा येईल. शिडीचं वर्णन करून विचारेल, उंच आहे तो तुमचा मुलगा का. तू एवढंच म्हण, "हो, माझाच."

शेवटचा ता. क. : शिडी शेजारी बसून विचारतोय, मावशी रागावणार नाहीत ना? मी म्हटलं, रागावेल तर. पण तो राग माझ्यासाठी साठवून ठेवू नकोस मावशी. तो फोन येईल ना, तेव्हा त्याच्यावरच काढ. एवढा घोडा झाला, छातीचं दुखणं अंगावर काढतो, आईला एका शब्दाने सांगत नाही, असं मनसोक्त झाड. बाईची लगेच खात्री पटेल. आणि शिडी म्हणतो, त्यालाही ऐकायचंय.